चाळीस अर्थांमधली एक सही

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. लोकांना वाटते, मला सगळे कळते. खरे सांगू? ‘रन’ या एवढ्याशा शब्दाने माझे डोके कायमचे गरगरवून ठेवले आहे. धावणे, वाहणे, दुकान चालवणे, कापडाचा रंग जाणे, निवडणुकीला उभे राहणे, क्रिकेटमधली धाव. असे चाळीस अर्थ माझ्या पोटात एकमेकांना ढुसण्या देत बसले आहेत. विचारणाऱ्याला कोणता द्यावा, हे मला आजही उमगत नाही.

छापखान्यातून मी बोरी अरबला यज्ञेश्वर गुरुजींच्या घरी आलो. गावात कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो गुरुजींच्या ओसरीवर यायचा. त्यांचा एक नियम होता. जो अर्थ घेऊन जाईल, त्याने त्या अर्थाशेजारी पेन्सिलीने आपले नाव लिहायचे.

एकदा मारोतराव नव्या मोटरपंपाचे माहितीपुस्तक घेऊन आले. “गुरुजी, पुतण्या म्हनते, याच्यात ‘कोरडं पळू नका’ असं लिहेल हाये. मी कायले पळू?”

गुरुजी हसले. त्यांचे बोट माझ्या ‘रन’च्या पानावरून खाली सरकत ‘यंत्र चालवणे’पाशी थांबले. पाण्याशिवाय मोटर चालवू नका, एवढेच ते म्हणणे होते. मग त्यांनी पेन्सिल पुढे केली. मारोतराव सगळीकडे अंगठा लावणारे. गुरुजींनी पाटीवर अक्षरे काढून दिली आणि तासाभराने मारोतरावांनी नाव लिहिले. मला फार अभिमान वाटला.

पुढे गुरुजी गेले, घरोघरी मोबाइल आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. यंदा त्यांची नात मिताली हिने मला वाचनालयाला द्यायचे ठरवले. पोर गुणाची. देण्याआधी मला स्वच्छ करावे म्हणून तिने खोडरबराने सगळी नावे पुसली. मला गुदगुल्या होत होत्या की दुखत होते, तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी मारोतरावांच्या पत्नी तानाबाई आल्या. मारोतरावांना जाऊन महिना झाला होता. “माय, तुझ्या आजोबाच्या पुस्तकात, मोटरीच्या त्या ‘रन’ शब्दापाशी, त्यायनं नाव लिहेल हाये. बाकी सारीकडं अंगठाच. मले एकडाव दाखवतं का?”

मितालीचा चेहरा उतरला. “आजी, मी सगळं पुसलं. मला माहीत नव्हतं.”

मितालीने ‘रन’चे पान काढले, पण चाळीस अर्थांपैकी शोधायचे कुठे? मला ओरडून सांगायचे होते. पोटात एवढे शब्द, पण तोंड नाही, याचे मला रडू आले.

तानाबाईंनी पान हातात घेतले आणि मागच्या बाजूने बोटे फिरवली. एका जागी त्या थांबल्या. मारोतरावांनी पेन्सिल इतकी दाबून लिहिले होते, की अक्षरे पलीकडे उठली होती.

“इथं हायेत ते,” त्या म्हणाल्या.

मितालीने पान उजेडात तिरपे धरले आणि नाव वाचून दाखवले. तानाबाईंना वाचता येत नाही. तरी त्यांनी बोट बराच वेळ उचलले नाही.

मित्रांनो, जुन्या पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेले नाव दिसले, तर खोडरबर काढण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा. मी मात्र अजून गोंधळातच आहे. त्या दिवशी तानाबाई माझ्याकडून कोणता अर्थ घेऊन गेल्या, कोण जाणे. ‘यंत्र चालवणे’ तर नक्कीच नाही.