घाटकोपरच्या फळ्यावर भीमराज

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत, पायऱ्या जिथे वळतात तिथे टांगलेला. साकीनाक्याच्या एका गाळ्यात कुणाच्या तरी मोडक्या दारापासून मला बनवलं आणि काळा रंग फासला. दार होतो म्हणूनच की काय, डोळा लागला की अजूनही वाटतं, माझ्यातून कुणीतरी येतंय, कुणीतरी जातंय.

शाळेत तुम्हाला विचारतात ना, ललित लेखन आणि उपयोजित लेखन यांतला फरक लिहा? तुम्ही मधोमध रेघ मारता, फरक लिहिता, गुण मिळवता. ती रेघ मी सोसली आहे. ऐका.

माझ्यावर लिहायचे मधुकरकाका. वस्तीचे सेक्रेटरी. गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले, माणूस कोरडा. 'उद्या पाणी येणार नाही. हंडे भरून ठेवा.' संपलं. उरलेल्या कोपऱ्यात नीलम कविता लिहायची. ती दिवसा औषधाच्या दुकानात काम करायची. तिचा खडू अंगावरून फिरला की मला हलकं हलकं वाटायचं, भिंत सोडून धुक्यात तरंगल्यासारखं.

शिमग्याला काका गावी गेले. तिथून नीलमला फोन केला, "उद्या पाणी नाय गो. फळ्यावर लिव."

नीलमने लिहिलं :

'उद्या नळाच्या ओठी मौन,
घशात त्याच्या वाळवंट.'

लोक थांबले, वाचलं, "झकास" म्हणाले, फोटो काढले. हंडा मात्र एकानेही भरला नाही. सगळ्यांना ती कविताच वाटली.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या शांताबाईंच्या मुलीचा, चेतनाचा साखरपुडा होता. पाहुणे हात धुवायला उठले आणि नळ कोरडा. शांताबाई माझ्यासमोर येऊन नीलमला म्हणाल्या, "कवयित्रीबाई, तुझी कविता उकळून चहा करू का आता? पाव्हण्यांसमोर वाट लावलीस माझी."

काका परत आले आणि नियम झाला : फळ्यावर फक्त सूचना. नीलमने खडू ठेवून दिला. येताजाता माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, बरंच झालं. मी नाही म्हणणार. चूक तिची होती, पण शिक्षा सगळ्या वस्तीला झाली. पाणी कधी, मीटिंग कधी, कचऱ्याची गाडी कधी. वस्ती म्हणजे काय नुसतं वेळापत्रक असतं?

मग मे महिन्यात शांताबाईंचे नवरे भीमराज गेले. काकांनी लिहिलं : 'कालकथित भीमराज यांचे दुःखद निधन. अंत्यविधी दुपारी दोन वाजता. सर्वांनी वेळेवर हजर राहावे.'

शांताबाई खाली आल्या. माझ्यासमोर उभ्या राहून दोनदा वाचलं.

"मधुकरभाऊ, नळ गेल्यासारखं लिहिलंय की हो."

"वैनी, सूचना अशीच लिवतात."

"सूचना राहू द्या. वेळ कळायला पाहिजेच. पण माझा माणूस कुठाय यात?" आणि गर्दीकडे वळून म्हणाल्या, "नीलम, ये गं. तू लिही."

नीलम मागे सरकली. "माझ्यावर विश्वास ठेवता, काकू?"

"त्या दिवशी पाण्याचं लिहिताना चुकलीस. हे पाणी नाही."

काकांनी खडू पुढे केला. सूचनेखाली नीलमने लिहिलं :

'चढावर ज्यांचा हात आपल्या हंड्याला लागायचा,
त्यांना आज आपण उतरवणार आहोत.
सावकाश न्या.
त्यांच्या हातून कधी थेंब सांडला नव्हता.'

कुणी फोटो काढला नाही. दुपारी खांदेकरी माझ्यासमोरून गेले तेव्हा एकेक पायरी जपत, पाय चाचपत गेले. मी बघत होतो. सूचना होती की कविता, ठरवा तुम्हीच.

संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी पाणी बंद असल्याचा निरोप आला. काका फडकं घेऊन आले, पण त्यांचा हात उठेना. तेव्हा नीलमनेच फडकं ओलं केलं, भीमराजांवरच्या ओळी स्वतः पुसल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'उद्या पाणी नाही. आजच भरा.'

"बरोबर लिहिलं ना, काका?"

"बरोबर," काका म्हणाले. "खडू तुझ्याकडेच ठेव."

मित्रांनो, आमच्यासारख्या फळ्यांना जपा. आणि लिहायच्या आधी समोर कोण उभं आहे ते बघा. ज्याच्या हातात हंडा आहे, त्याला कविता देऊ नका. ज्याचे हात रिकामे झालेत, त्याला नुसती वेळ सांगू नका.