हिंगणीची अँबेसेडर

मे महिन्यात एखादी तिथी अशी निघते, की जिल्ह्यातल्या निम्म्या मुली त्याच दिवशी उजवल्या जातात. एक्याऐंशी साली तशी निघाली, आणि वर्धा स्टेशनासमोरच्या आवारात भाड्याच्या गाड्यांची जत्रा भरली. मॅटाडोर, जीपा, ट्रक आणि कडुनिंबाच्या सावलीत ओळीनं उभ्या अँबेसेडर. प्रत्येक गाडीच्या काचेवर खळीनं चिकटवलेला कागद, त्यावर गावाचं आणि घराण्याचं नाव. पाहुण्यानं उतरावं, आपलं गाव वाचावं आणि बसावं. वाचता येणाऱ्याची गाडी चुकायला काही कारणच नव्हतं. आणि प्रभाकररावांना तर वाचता येण्याचाच पगार मिळत होता. रायपूरला एका कचेरीत ते बडेबाबू होते.

आंजीला थोरल्या बहिणीच्या, रुख्माबाईच्या मुलीचं लग्न. कोकिळाचे सख्खे मामा म्हणजे हेच. मामानं आणलेली पिवळी साडी नेसून नवरीनं मांडवात यायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत मामानं तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा रिवाज. साडी त्यांच्या बॅगेत होती, मुहूर्त गोरजाचा होता आणि मेल दुपारीच पोचत होती. सगळं वेळेत होतं.

प्रभाकररावांचं मन म्हणजे मानपानाची तागडी. कोणत्या लग्नात आपल्याला पाटावर बसवलं आणि कोणत्या लग्नात सतरंजीवर, हे त्यांना वीस-वीस वर्षं आठवत असे. आपण कुणाला कुठं बसवलं, ते मात्र लवकर पुसलं जाई. अशा माणसाला प्रवासात सोबत कशी मिळावी? तर समोरच्या बाकावर बंडोपंत नावाचे निवृत्त इंजिनिअर, सोनेरी काड्यांचा चष्मा, शेजारी पत्नी, मांडीवर इंग्रजी पेपर आणि थर्मासमध्ये चहा. प्रभाकररावांना त्यांनी अर्धा कप पाजला आणि सहज विचारलं, "उतरल्यावर पुढं कसे जाणार?"

"भाटव्यांनी गाडी ठेवलीय ना भाड्यानं," प्रभाकरराव म्हणाले. "अँबेसेडर."

भाटवे म्हणजे बहिणीचे यजमान, बाबाराव. त्यांनी गाडी ठेवली होती हे खरं. कोणती, ते पत्रात लिहिलं नव्हतं. पण अँबेसेडर ठेवण्याची बाबारावांची ऐपत नाही, हे प्रभाकररावांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? गोंदियाला निघालेली ती गाडी नागपूरला पांढरी झाली आणि सिंदी येईपर्यंत तिला खिडकीचे पडदेही लागले.

वर्ध्याला उतरून तिघं बाहेर आले, तेव्हा ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटावी. प्रभाकररावांनी आवारावरून एक नजर फिरवली आणि त्यांना त्यांची गाडी दिसली. लगेच दिसली. न दिसायला ती लपलीच नव्हती.

एक तीनचाकी टेम्पो होता. एरवी बाजारात कांदे-वांगी नेणारा. त्याला धुऊन-पुसून आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या. मागच्या हौद्यात गादी, गादीवर पांढरी चादर, आणि मधोमध हातांची एक लाकडी खुर्ची, दोन्ही बाजूंनी नाड्यानं करकचून बांधलेली. ती मामासाठी. काचेवरच्या कागदावर ठळक अक्षरांत 'आंजी (मोठी)'. आणि टेम्पोपुढे हातात झेंडूचा हार, काखेत फेट्याचा डबा घेऊन नवं धोतर नेसलेले नत्थूजी उभे होते. नत्थूजी बाबारावांचे चुलतभाऊ, वयानं सगळ्यांत मोठे.

प्रभाकररावांच्या डोळ्यांपुढं ती खुर्ची आली, खुर्चीवर आपण आलो, गळ्यात हार, डोक्यावर फेटा, आणि भर बाजारातून वांग्यांसारखे हिंदकळत चाललेलो आपण. आणि हे सगळं पाहणारे बंडोपंत.

"तुमची गाडी कोणती हो?" बंडोपंतांनी विचारलं.

"ती." प्रभाकररावांनी हात केला, तो अँबेसेडरच्या ओळीकडे.

त्यांचा बेत साधा होता. बंडोपंत आपल्या वाटेनं गेले की आपण आपल्या टेम्पोकडे जायचं. पण चांगल्या माणसासारखी अडचण नाही. बंडोपंतांनी त्यांची बॅग उचलली, त्या पांढऱ्या गाडीपर्यंत नेली, दार उघडलं आणि स्वतःच्या हातानं त्यांना आत बसवलं. आत एक म्हातारी बाई आधीच बसली होती. काचेवर 'हिंगणी' लिहिलं होतं.

"तुम्ही नाही का बसत?" प्रभाकररावांनी घाबरून विचारलं.

"आम्ही इथंच रामनगरला जायचं. सायकलरिक्षा करू. आम्हाला कुठं तुमच्यासारखा थाट!" बंडोपंत खिडकीत हात ठेवून मनापासून हसले आणि तिथंच उभे राहिले. निरोप नीट द्यावा, या मताचे ते होते.

ड्रायव्हर बबन विडी विझवून आला. "आले काय सारे? हिंगणीच ना जी?"

नाही म्हणायचं, तर बंडोपंतांच्या देखत म्हणावं लागत होतं. प्रभाकररावांनी मान हलवली. ती होकारासारखी हलली.

गाडी फाटकाकडे वळली आणि टेम्पोला घासून गेली. नत्थूजींनी आत पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला, हार वर झाला. "मामासायेब! ओ मामासायेब! इकडं हाये जी!" हॉर्नच्या गलक्यात ती हाक बबनपर्यंत पोचली नाही.

हातभर अंतरावरून दोघांची नजर मिळाली. मग प्रभाकररावांना बॅगेचा पट्टा एकाएकी फार सैल वाटू लागला आणि ते खाली वाकून तो आवळत बसले. मागे बंडोपंत अजून हात हलवत होते.

शेजारची बाई नवरदेवाची आत्या, जिजाबाई. तिनं सुरईतलं पाणी दिलं, सुपारी पुढं केली. "कशी गाडी धाडली पाहा बाप्पा. पाव्हन्याची कदर असावं त अशी!" प्रभाकररावांनी सुपारी घेतली आणि ती त्यांच्या दाढेत दगडासारखी बसली. आंजी राहिली आर्वीच्या रस्त्यावर. ही गाडी धावत होती नागपूरच्या. स्टेशन सुटलं की सांगू म्हणता म्हणता गाव सुटलं. पवनारचा पूल ओलांडल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"मला जायचं होतं आंजीला."

बबननं कचकन ब्रेक मारला. जिजाबाई त्यांच्याकडे वळली. "मंग ह्या गाडीत काऊन बसले तुमी?"

"आमची गाडी दिसली नाही."

"आंजीले कोन हाये तुमचं?"

"भाचीचं लग्न आहे. मी मामा."

"अगो माय! अन् साडी?"

"बॅगेत आहे."

"अरे देवा! पोरगी तिकडं साडीची वाट पाहून राह्यली अशीन, अन् मामा चालला हिंगणीले!" म्हातारीला हसावं की रडावं कळेना. बबन म्हणाला, "इथं उनात उतरून काय करसान? मले वापस फिरता येत नाई, आत्याबाईले पोचवा लागते. चला हिंगणीले. भैयाजी करतीन काई तरी."

हिंगणीला भैयाजी, नवरदेवाचे वडील, मांडवाच्या दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकण्याआधी पाहुण्याचे पाय धुवायला पाणी मागवलं, पन्हं दिलं, आणि ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "पण तुमचा मानूस नव्हता काय स्टेशनवर?"

खोट्याचं असं असतं, की पहिलं आपण बोलतो आणि पुढचं ते स्वतःच बोलतं. प्रभाकरराव म्हणाले, "माणूसच आला नव्हता हो कुणी."

"बाप रे! मामाले घ्याले कोनी नाई?" भैयाजींना आंजीच्या घराची लाज वाटली. इतक्या भल्या माणसाची ही आबाळ! "बबन्या, गाडी काढ. मामाले सिध्धा मांडवात नेऊन टाक."

"पन नवरदेवाची मिरवनूक?"

"नवरदेव जाईन बैलगाडीतनं. तिकडं पोरीचा मुहूर्त चालला."

प्रभाकररावांनी हात जोडले. ज्या थाटासाठी आयुष्यभर झुरावं, तो सगळा मिळत होता, आणि हातातला पन्ह्याचा पेला मात्र संपता संपत नव्हता.

परतताना सेलूच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक टेम्पो उभा दिसला. आंब्याच्या डहाळ्या कोमेजून लोंबत होत्या. एक चाक काढलेलं, टेम्पोवाला जमिनीवर पालथा, आणि त्याच्या डोक्यावर सावली म्हणून नत्थूजी फेट्याचा डबा धरून उभे. हार खुर्चीच्या हाताला अडकवला होता. म्हणजे म्हातारा मामाच्या मागं निघाला होता. मामा चुकीच्या गाडीत बसले, त्यांना उतरवून आणावं म्हणून.

"हा बी लग्नाचाच दिसते," बबन म्हणाला. "थांबू काय? पाहू, काई लागते त."

"नको," प्रभाकरराव म्हणाले. "मुहूर्त टळेल."

मुहूर्ताची काळजी खरीच होती. पण तेवढ्यासाठी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पऱ्हाट्या उपटलेलं कपाशीचं रिकामं रान पाहत बसायची काही गरज नव्हती.

आंजीला गाडी मांडवापुढं थांबली तेव्हा गुरं घराकडे वळली होती. भटजी दारात येऊन सूर्याकडे पाहत होते. कोकिळा आईच्या जुन्या साडीत आतल्या खोलीत बसलेली, डोळे सुजलेले. "माहा मामा आल्याबिगर मी उठत नाई," एवढंच तिचं दुपारपासून चाललं होतं. रुख्माबाईनं भावाला पाहिलं आणि मांडवाच्या खांबाला धरून ती खालीच बसली. "आला रे माहा परभाकर! कुठी गेलता रे तू?"

उत्तर बबननंच देऊन टाकलं, तेही बाबारावांना, चारचौघांत. "तुमचा मानूस स्टेशनवर गेलाच नाई ना जी. मामाजी हिंगणीपर्यंत जाऊन आले. भैयाजीनं गाडी देल्ली म्हनून, नाई त—"

बाबारावांचं तोंड काळं-निळं झालं. व्याही ऐकत होते. "नत्थूभाऊ गेलता. मी सोता धाडला. या म्हाताऱ्याले कोनतंच काम..." पुढचं त्यांनी गिळलं, कारण भटजींनी शंख मागवला होता.

पिवळी साडी नेसून कोकिळा आली. प्रभाकरराव तिच्या मागं उभे राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली, नत्थूजी येतील. येतील आणि सांगतील. अक्षता पडत होत्या, त्यातल्या काही त्यांच्या मानेवरून सदऱ्यात गेल्या आणि टोचत राहिल्या. भाचीनं एकदा मागं वळून पाहिलं, मामा खरंच आहे ना म्हणून, आणि ती हसली. त्या हसण्याला काय द्यावं, हे त्यांच्या तागडीला कळलं नाही.

पंगत बसली, गॅसबत्त्या लागल्या, तेव्हा टेम्पो आला. नत्थूजी उतरले. नवं धोतर ग्रीसनं माखलेलं. पुतणीचं लग्न लागून गेलं, हे त्यांना मांडवात शिरताच समजलं.

बाबाराव पंगतीतून तसेच उष्ट्या हातानं उठले. "कुठी मेला होता? मामा लोकाच्या गाडीत बसून लोकाच्या घरी गेले! साऱ्या गावात इज्जत गेली माही. एक मानूस ओळखता येत नाई तुले?"

नत्थूजींनी पंगतीवरून नजर फिरवली. मानाच्या पाटावर प्रभाकरराव बसले होते. हातातला घास हातात. म्हातारा हिंगणीपर्यंत पोचून आला होता, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं; आणि तिथं काय ऐकून आला, तेही. प्रभाकररावांना ते वाचता येत होतं.

"हो ना गा," नत्थूजी म्हणाले. "माहीच नजर चुकली. आता कमीच दिसते मले."

"मंग पहिलेच सांगाचं ना! दुसऱ्याले धाडलं असतं."

"चुकलं."

मग ते पाटापाशी आले, आणि दिवसभराच्या उन्हानं काळा पडलेला तो हार त्यांनी प्रभाकररावांच्या गळ्यात घातला. "उशीर झाला मामासायेब. मानाचा हाये, घ्या." पाकळ्या वरणात गळून पडल्या. बोला, आत्ता बोला, असं प्रभाकररावांना आतून कुणीतरी ढोसत होतं. शेजारी व्याही बसले होते. पलीकडे सगळं गाव. प्रभाकररावांनी वरणातली पाकळी बाजूला केली आणि घास तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जायला निघाले, तर अंगणात पांढरी अँबेसेडर उभी. बाबारावांनी रातोरात माणूस देवळीला धाडून ती आणवली होती. "कालची कसर भरून काढाची होती, परभाकरराव. आता मनात काई ठेवू नका." हे बोलताना भाटव्यांची नजर वर होत नव्हती. रुख्माबाईनं लाडूंचा डबा दिला आणि पदर डोळ्याला लावला.

कडुनिंबाखाली टेम्पो उभा होता. हौद्यातली खुर्ची अजून सोडायची राहिली होती. गाडीचं दार उघडायला नत्थूजीच पुढं आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून प्रभाकरराव हळूच म्हणाले, "नत्थूजी, मी टेम्पोनंच जातो. तुम्ही चला सोबत. वाटेत मला तुमच्याशी जरा..."

नत्थूजींनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन पाहावी, जोखावी आणि होती तिथं ठेवून द्यावी, तसं.

"नाई जी," ते म्हणाले. "लोक काय म्हनतीन?"

आणि त्यांनी दार लावून घेतलं. नीट लागलं की नाही, ते एकदा ओढून पाहिलं. खिडकीला पडदे होते. पांढरे.