सिद्धूचा हात

"हात वर करत न्हाय डॉक्टरीणबाई. सकाळपासनं असाच लोंबता ठेवलाय," रोहिणी म्हणाली. तिच्या मांडीवर तिचा अडीच वर्षांचा मुलगा सिद्धू मुसमुसत होता. शेजारी तिची थोरली जाऊ, नकोशी, पदराचं टोक पिळत उभी होती. वरकुट्याहून इंदापूरच्या या दवाखान्यापर्यंत दोघी जीपमध्ये मांडीला मांडी लावून आल्या होत्या, पण एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

डॉक्टर मालतीबाईंनी सिद्धूच्या गळ्याजवळच्या हाडापासून मनगटापर्यंत हळूहळू बोटं दाबत नेली. सूज कुठंच नव्हती. कोपर हलवलं की मात्र पोर कळवळायचं.

"पडला होता?"

"न्हाय."

"मग कुणीतरी हाताला धरून ओढलंय. या वयात तेवढ्यानंही कोपराचं हाड जागचं जरा सरकतं. कुणी ओढलं?"

नकोशीनं मान खाली घातली. रोहिणी डी.एड.साठी बारामतीला राहायला गेली तेव्हा सिद्धू रांगतही नव्हता. त्याला न्हाऊमाखू घातलं, दात येताना खांद्यावर टाकून घरभर फिरवलं, ते नकोशीनं. तिची स्वतःची कूस उजवली नव्हती. सिद्धू पहिल्यांदा आई म्हणाला तो तिलाच. कोर्स संपवून रोहिणी कायमची घरी आली आणि बघता बघता पोरगं तिच्या पदराला चिकटलं. आज सकाळी नकोशीनं घास घेऊन हाक मारली, तर तो वळलासुद्धा नाही. आईकडे धावत सुटला. नकोशीनं मनगट धरून त्याला हिसडा मारून मागे ओढलं. रोहिणीनं ते दारातून पाहिलं होतं.

"मीच वढला," रोहिणी म्हणाली. "चुलीकडं पळत हुता."

नकोशीनं झटक्यात मान वर केली. पोर तर घेतलंच हिनं. आता चूकही हिनंच घ्यावी आणि वर भली ठरावी!

"ती न्हाय. म्या वढला," ती म्हणाली. "माझ्याकडं येईना म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी एका हातानं सिद्धूचं कोपर धरलं, दुसऱ्यानं त्याचा तळवा वर फिरवून हात दुमडला. बारीकसं कट् झालं. पोर किंचाळलं, मग हळूहळू निवलं.

"आता काहीतरी खाऊ दाखवा. त्याच हातानं घेतला, तर हाड बसलं म्हणायचं."

रोहिणीनं पिशवीतून बिस्कीट काढलं आणि जावेपुढे धरलं. "अक्का, तुमी द्या. तुमच्या हातचं खातो त्यो."

तिचं हे देणं नकोशीला नको होतं. तरी तिनं बिस्कीट घेतलं, जरा उंच धरलं.

"घे रं, माझ्या राजा."

सिद्धू तिच्याकडे बघत राहिला. मग दुखरा हात हळूच वर आला. त्यानं बिस्कीट घेतलं, मान वळवली आणि ते रोहिणीच्या तोंडात घातलं.

"बसलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नकोशी त्याच्या कोपराकडे बघत होती. ते नीट वाकत होतं.