पाणी प्यायला गेलेले सहा

व्यापारी संघाला पंचाहत्तर वर्षं झाली आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माजी चिटणिसांच्या गळ्यात पडलं. पडणारच होतं म्हणा. एकतीस वर्षं संघाची इतिवृत्तं त्यांनीच लिहिली होती. वह्या-पेनांचं दुकान, मोत्यासारखं अक्षर, माणूस नाकासमोर चालणारा. आता दुकान मुलाकडे होतं, पद दुसऱ्याकडे, आणि हाताला असा कंप सुटला होता की सही करतानाही मनगट दुसऱ्या हाताने धरावं लागे. त्यामुळे इतिहास हे सांगायचे आणि बायको लिहून घ्यायची. दुपारी जेवणं आटोपली की टेबल पुसून त्यावरच दप्तर मांडायचं. ती पदराने चष्मा पुसायची, आणि हे घसा खाकरून असे सुरू व्हायचे, जणू समोर अख्खी सभा बसली आहे.

पहिल्या प्रकरणात तर गडी भलताच खुशीत होता. पहिली सभा लाकडाच्या वखारीत ओंडक्यांवर बसून कशी झाली, नियम कुणी लिहिले, सगळं अगदी रंगवून सांगितलं. नियमांचा त्यांना फार अभिमान. कार्यकारिणी तेरा जणांची. खोलीत सात जण असल्याशिवाय ठराव नाही. आणि त्या सातांत चिटणीसही धरायचा, कारण तो पगारी कारकून नव्हे, मताचा हक्क असलेला सभासद आहे. हे छाती फुगवून सांगितलं, तिने निमूट लिहून घेतलं, आणि मग ह्यांनी जीभ चावली. पण शाईने लिहिलेलं ते, आता खोडा म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

जीभ का चावली, ते सांगायला अडतीस वर्षं मागे जायला हवं. बायकोचा थोरला भाऊ काचवाला होता. बाजारातला रस्ता नगरपालिकेने गाड्यांना बंद केला म्हणून संघाने आठ दिवस दुकानं बंद ठेवायचं ठरवलं होतं. तिसऱ्याच दिवशी वादळ झालं आणि बाळंतिणींच्या दवाखान्याची एका बाजूची सगळी तावदानं फुटली. नर्स धावत आली. काचवाल्याने अर्धं शटर वर केलं, अकरा काचा कापल्या आणि स्वतः जाऊन बसवून दिल्या. एवढाच त्याचा गुन्हा. बंद उठल्यावर संघाने सभा घेतली आणि त्याला काढून टाकलं. काढलं म्हणजे नुसतं यादीतून नव्हे. सुतार, फ्रेमवाले, ठेकेदार सगळे संघाचे सभासद, आणि काढलेल्या माणसाकडे कुणी पाऊल टाकायचं नाही हा नियम. वर्षाच्या आत त्याने दुकान गुंडाळलं आणि चार तासांवरच्या दुसऱ्या शहरात निघून गेला. पुन्हा म्हणून ह्या गावात त्याने पाय ठेवला नाही.

त्याच्या जिव्हारी लागलं ते काढणं नव्हे. संघाच्या फळ्यावर लावलेल्या ठरावात ‘एकमताने’ असा शब्द होता, तो लागला. तो वाचून तडक बहिणीच्या दारात आला, आत येऊन बसलासुद्धा नाही, आणि उभ्याउभ्याच विचारलं, “एकानेसुद्धा नाही?” मग तिने नवऱ्याला धारेवर धरलं. त्यावर नवरा म्हणाला की चिटणिसाला मत नसतं गं, मी आपला लिहिण्याचा धनी. तिने विश्वास ठेवला. त्याच विश्वासावर पुढची अडतीस वर्षं संसार झाला, चांगला झाला.

आता ‘एकमताने’ची गंमत ऐका, गंमत कसली, कर्म आमचं! संघात कुणीच कुणाला तोंडावर नाही म्हणत नसे. उद्या एकाच गल्लीत शेजारी-शेजारी दुकानं उघडायची, कशाला वाकडं घ्या! म्हणून ज्याला ठराव पटत नसे, तो हात वर व्हायच्या आधी उठायचा, “पाणी पिऊन येतो” म्हणायचा आणि बाहेर बोळात ठेवलेल्या पिंपाकडे जायचा. दार लोटलं जायचं. आत उरलेले हात वर करायचे, चिटणीस ‘एकमताने’ लिहायचा, आणि बाहेरचे तोंड पुसत परत यायचे. कोण पाणी प्यायला गेलं हे बाहेर फोडायचं नाही, बायकोलाही नाही. ह्यालाच ते भलेपणा म्हणत.

काचवाल्याच्या दिवशी सहा जण उठले. चष्मेवाला सगळ्यात आधी, मग सायकलवाला, मग एकामागून एक बाकीचे. एका पिंपाभोवती सहा माणसं आणि पेला एकच. आत सात उरले. लोखंडाचा व्यापारी अध्यक्ष होता, त्याने खुर्च्या मोजल्या आणि चिटणिसांकडे पाहिलं. चिटणिसांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या. ते उठले असते तर आत सहाच राहिले असते आणि सभा तिथेच मोडली असती. पण दुकान नवं होतं आणि समोर अध्यक्ष होता. “लिहा,” अध्यक्ष म्हणाला, आणि ह्यांनी लिहिलं.

हे सगळं गाडलं गेलं होतं. पण गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. काचवाल्याने अंथरूण धरलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. शुक्रवारी सकाळच्या बसने बहीण जाणार होती. पिशवी भरता भरता ती म्हणाली, दादा अजून तेच घेऊन बसलाय, काल फोनवर म्हणत होता, सगळ्या बाजारात माझं एक माणूस नव्हतं. एक सोडून सहा माणसं चिटणीस म्हाताऱ्याच्या पदरात टाकू शकत होते, जाता जाता त्याचा जीव निवला असता. पण सहा द्यायचे तर तेरातले उरलेले उघडे पडणार, आणि बायकोने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं.

तीन दिवस त्यांनी टोलवाटोलवी केली. संघाच्या इमारतीवर एक पान, प्रदर्शनावर चार पानं, दिवंगत माजी अध्यक्षांवर तर विचारू नका. गुरुवारी दुपारी मात्र त्यांनी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं: पिंप, पेला, सहा जण, एकेकाचा धंदा. घाईघाईने, कुठे थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही अशा भीतीने.

तिचं पेन भराभर चाललं होतं. मधेच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं. “सहा?” ती म्हणाली. “दादाच्या बाजूने सहा होते? अहो, आणि इतकी वर्षं...” उद्या हे पान मी वाचून दाखवीन, म्हणाली. सायकलवाल्याचं नाव ऐकून तर तो उठूनच बसेल. इतकी हलकी झालेली ती ह्यांनी वर्षानुवर्षांत पाहिली नव्हती. क्षणभर वाटलं, निभावलं.

मग पेन थांबलं. तिने लिहिलेल्या पानांचा गठ्ठा ओढला आणि पहिलं प्रकरण काढलं. बोट ओळीवरून हळूहळू फिरलं. तेरा, सात, चिटणीस धरून. चूक कुठे आहे हे पोराला दाखवायचं नसेल तेव्हा ती अशीच गप्प राहायची.

“आणि तुम्ही?” तिने विचारलं.

अडतीस वर्षांत चिटणिसांनी ह्या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही. लाज अशी दाटून आली की मान खाली गेली ती गेलीच. “मी आत होतो,” ते म्हणाले. “सातवा.”

तिने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. “हे वाक्य मी लिहिणार नाही. तुमच्या हाताने लिहा. दादाला तुमचं अक्षर ओळखू येतं.”

“माझा हात...” ते म्हणाले.

“हलू दे.”

त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पेन टेकवलं. पहिलं अक्षर वेडंवाकडं उमटलं, दुसरं ओळ सोडून खाली गेलं. ती खुर्ची मागे सारून उठली. भरलेला तांब्या टेबलावर त्यांच्या कोपराशीच होता.

“मी पाणी पिऊन येते,” ती म्हणाली, आणि जाताना तिने दार लोटून घेतलं.