दुसरा बुधवार

वामनरावांनी दोनदा नंबर लावून दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा पलीकडून कुणीतरी उचललाच.

"मी वरवट बकालहून बोलून राह्यलो. तुमच्या पार्कात... माणसं कमी कधी असतात?"

पलीकडचा हसला. "लोक तिकिटाचं इचारतात आजोबा, तुम्ही रिकामं पार्क मागता! उन्हाळ्यात पाय ठेवाले जागा नसते, दिवाळीत त्याहून. पितृपक्षात या, बुधवारी. कोणी फिरकत नाही."

नात प्रेरणा आठ वर्षांची. गलका झाला की कानांवर हात दाबून जिथं असेल तिथं खाली बसायची. गेल्या जत्रेत अशीच बसली आणि भोवती बघे जमले. तेव्हापासून शाळेशिवाय ती कुठंच गेली नव्हती. त्या पार्कातला उंच पाळणा मात्र मोबाइलवर रोज बघायची, आवाज बंद करून. या वेळी फसलं तर पोर पुन्हा घराबाहेर पडणार नाही, एवढं वामनरावांना पक्कं ठाऊक होतं. एरवी त्यांना कशाचीच खात्री नसे.

त्यांनी पंचांग काढलं. पक्षातले बुधवार दोन. पहिल्याला शाळेत चाचणी. दुसऱ्याला त्यांच्या आईची तिथी.

"काऊन उभे दारात?" कणीक मळता मळता त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनी विचारलं.

त्यांनी अडखळत सांगितलं.

"आत्याबाईच्या तिथीले पाळण्यात बसाले जाता? गाव काय म्हणन?"

"नाही, मी आपलं... सहज."

ते पंचांग मिटून बाहेर गेले. पुढं आठवडाभर तो विषय निघाला नाही.

दुसऱ्या बुधवारी सकाळी वड्यांच्या वासानं त्यांना जाग आली. कोकिळाबाई डब्यात खीर भरत होत्या.

"उठा. आठची गाडी चुकंन. पान तिकडंच ठेवू. कावळे काय आपल्याच गावात असते?"

पार्क खरंच ओस होतं. वामनराव नातीला घेऊन पाळण्यात बसले. वर जाता जाता त्यांना खाली कोकिळाबाई दिसल्या. कठड्यावर पान मांडून, हात जोडून त्या उभ्या होत्या. एक कावळा आला. पानाजवळ सरकला. चोच वाकवली.

तेवढ्यात पाळणा सर्रकन खाली आला आणि प्रेरणा जिवाच्या आकांतानं किंचाळली. वामनरावांनी घाबरून तिच्याकडं पाहिलं. तिचे हात दांडीवर होते, कानांवर नव्हते. ती हसत होती.

कावळा केव्हाच उडाला होता.

खाली उतरल्यावर ते खालच्या मानेनं म्हणाले, "शिवला नाही ना..."

कोकिळाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"आत्याबाईचं पोट भरलं," त्या म्हणाल्या. "जा, तिले अजून एकदा बसवा."