आणखी तीस दिवस

संपासाठी कामगार आयोगाकडे मुदतवाढ मागायची, हे ऐकूनच लेली शुएरेबचं डोकं फिरलं. बासष्ट वर्षांचा हा फिटर. ब्रिस्बेनच्या उत्तरेकडल्या एका साखर कारखान्यात बेचाळीस हंगाम काढलेले, त्यातली एकोणीस वर्षं युनियनचा प्रतिनिधी.

"म्हणजे आता भांडायलासुद्धा अर्ज करायचा?" तो म्हणाला. "उद्या शिंकायलाही परवानगी लागेल!"

युनियनच्या मकाय शहरातल्या ऑफिसातून आलेली टॅम्सिन जॉली हसली नाही. तिने कॅलेंडर त्याच्यापुढे सरकवलं. "संपाच्या मतदानाचा निकाल अठरा मेला लागला. तिथून तीस दिवसांत संप सुरू केला तरच तो कायदेशीर. म्हणजे सतरा जूनपर्यंत. आणि अवेळी पावसाने उसाच्या शेतांत चिखल झालाय, गळीत बावीस तारखेशिवाय सुरू होत नाही. बंद कारखान्यात कसला संप करणार तुम्ही?"

पोरगी बरोबर बोलत होती आणि नेमकं तेच लेलीला झोंबत होतं. कंपनीच्या नव्या करारात एक कलम घुसडलं होतं: गळीत संपलं की फिटर घरी, बिगरहंगामातली सगळी दुरुस्ती कंत्राटदाराकडे. त्रेचाळीस घरांचा अर्ध्या वर्षाचा रोजगार जाणार होता. उसाचं गाळप चालू असताना काम थांबवलं तरच कंपनीचं नाक दाबलं जाणार, आणि तो हक्कच पाच दिवसांत संपत होता.

"अर्ज नको असेल तर दुसरा उपाय आहे," टॅम्सिन म्हणाली. "सोमवारी तासभर काम बंद ठेवा. संप सुरू झाला असं धरतात, हक्क टिकतो. सगळीकडे असंच करतात."

"दुरुस्तीला काढलेले रोलर उघडे आहेत."

"बरं, मग?"

"मग काय मग! उघडा रोलर टाकून आमच्यात कुणी भांडायला बाहेर पडत नाही. तासभर सोड, मिनिटभरसुद्धा नाही."

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लेलीच्या बापापासून, कार्मनूपासून चालत आलं होतं. उसाचा रस काढणाऱ्या मिलचा टनावारी वजनाचा रोलर साखळीला लटकलेला असतो. कुठला बोल्ट आवळलाय आणि कुठला नुसताच अडकवलाय, हे ज्याने हात घातलाय त्यालाच ठाऊक. तसाच टाकून गेलात तर नंतर हात घालणाऱ्याचे हात जातात. म्हणून आधी रोलर बसवायचा, मग बोंबलायचं.

घरी जाताना त्याला ते जुने दिवस आठवून भडभडून आलं. कार्मनू भोंग्याची दोरी ओढायचा आणि सगळा कारखाना फाटकाबाहेर यायचा. ना तारखा, ना वकील. बायका पातेली भरून भाजीचं सूप आणायच्या, बेकरीवाला कालचे पाव फुकट द्यायचा, आणि पोरांना वाटायचं की जत्राच भरलीय. त्या काळी आपण माणसं होतो, आता अर्जदार झालो, असं तो बायकोला, रीटाला, म्हणाला.

"त्या काळी तुझे गुडघेही धड होते," रीटा म्हणाली. "कुरकुर पुरे. अर्जावर सही कर जा."

त्याने सही केली.

सुनावणी सोळा तारखेला मकायमध्ये झाली. आयोगाच्या बाई समोर, डावीकडे लेली आणि टॅम्सिन, उजवीकडे कंपनीचा वकील आणि त्याच्याशेजारी कारखान्याचा मॅनेजर डॅरेल क्वेफ. चौऱ्याण्णव साली हाच डॅरेल लेलीच्या हाताखाली उमेदवारीला आला होता. आता तो लेलीकडे बघतही नव्हता.

वकील उठला. "यांना तीस दिवस मिळाले होते. ते यांनी झोपून काढले. आता आणखी तीस कशाला?"

बाईंनी लेलीला विचारलं, "तासभरही काम का नाही थांबवलंत?"

लेलीने रोलरचं सांगितलं. भाषण म्हणून पाठ केलेलं सगळं विसरला, नुसतं साखळी, बोल्ट आणि हात एवढंच बोलला.

"ही पद्धत कुठे लिहिलेली आहे?" वकिलाने विचारलं.

"नाही."

"म्हणजे फक्त तुमचा शब्द."

आपल्या हट्टापायी त्रेचाळीस घरं बुडाली, असंच लेलीला वाटलं.

बाई डॅरेलकडे वळल्या. "तुम्ही याच कारखान्यात शिकलात ना? अशी पद्धत आहे?"

वकील घाईघाईने डॅरेलच्या कानाला लागला. डॅरेलने 'मला कल्पना नाही' एवढं म्हटलं असतं तरी विषय संपला असता. त्याने वकिलाला हाताने बाजूला सारलं.

"आहे," तो म्हणाला. "मी लागून चौथा आठवडा होता. दहा वाजता संप पुकारला. बाकी सगळे फाटकावर बिअर पीत बसले, आणि या माणसाने मला सव्वातीनपर्यंत चौथ्या मिलवर अडकवून ठेवलं. रोलर बसेपर्यंत. मी रागाने रडलो होतो. मला म्हणाला, आधी आवळ, मग ओरड."

वकिलाने पेन खाली ठेवलं. बाईंनी तीस दिवस वाढवून दिले.

बाहेर पार्किंगमध्ये डॅरेल गाडीची किल्ली चाचपत उभा होता. लेली त्याच्याजवळ गेला.

"हेड ऑफिस तुझी चामडी सोलणार," लेली म्हणाला.

"सोलू दे. तुम्ही कधी बंद पाडताय माझा कारखाना?"

"पंचवीसला, गुरुवारी. नोटीस वेळेवर मिळेल."

"त्या दिवशी मिलवर आणखी कोण होतं हो? विन्स होता ना?"

"विन्स गेला, तीन वर्षं झाली. बुजेया ब्रिस्बेनला मुलाकडे, कुणाला ओळखत नाही आता." लेलीने बोटांवर मोजून पाहिलं. "बाकी कुणी नाही रे. तू आणि मी."

डॅरेलने मान हलवली आणि गाडीत बसला. घरी चल, रीटाने ओव्हनमध्ये पास्ता भाजलाय, असं लेलीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण टॅम्सिन पाठीमागे उभी होती आणि संप तोंडावर होता. जुन्या दिवसांबद्दल बोलायला त्याच्याजवळ आता एकच माणूस उरला होता, आणि गुरुवारपासून त्याच्याशीच भांडायचं होतं.