सतरा ठिपके

डॉक्टरांनी हजेरीच्या कागदावर सही अशी ओढली, की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

नोंदणीच्या टेबलामागच्या बाईंनी फाटलेल्या जागेकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "सर, संपल्यावर पुन्हा एक सही लागेल. दोन्ही असल्या तरच गुण मिळतात."

"माहीत आहे. आम्ही वर्ग बुडवून पळणारी पोरंच ना!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी गळ्यात अडकवायचं कार्ड पुढे केलं. डॉक्टरांनी ते खिशात कोंबलं.

चौतीस वर्षं दवाखाना चालवलेल्या माणसाला कोणीतरी गुण देणार, आणि ते कमी पडले तर परवान्याचं नूतनीकरण अडणार! हा नियम काढणाऱ्याला तापाच्या साथीत एक दिवस आपल्या खुर्चीत बसवावं, असं डॉक्टर दर वर्षी म्हणत. या वेळी चार गुण कमी पडत होते. ही फाइल त्यांची बायको सांभाळायची. तिनेच आठवण केली, तिनेच हे सत्र शोधलं आणि सकाळी इस्त्रीचा शर्टही तिनेच काढून ठेवला. "शिवाय आपली लेकच बोलणार आहे," असं ती म्हणाली तेव्हा त्यांना मनातून बरं वाटलं होतं. तोंडाने मात्र ते म्हणाले, "म्हणजे आता तीही मला अक्कल शिकवणार."

सभागृहात ते नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसले. शेजारच्या खुर्चीत त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र येऊन टेकला. तोही डॉक्टरच, पलीकडच्या वस्तीतला. एकही तास त्याने कधी वेळेवर गाठला नाही म्हणून वर्गाने त्याचं नाव गोगलगाय ठेवलं होतं, आणि साठीतही त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं.

"विषय काय रे?" गोगलगायने विचारलं.

"थकवा. पहिल्या पायरीवरच्या डॉक्टरांसाठी. पहिली पायरी म्हणजे आपण."

"बरंय की. पडलो तरी फारसं लागणार नाही."

लेक मंचावर आली. मोठ्या रुग्णालयात ती आता वरिष्ठ फिजिशियन होती. माइक तोंडाजवळ ओढताना तिच्या कपाळावर आठी पडली. ती आठी थेट डॉक्टरांची होती, घरात सगळे म्हणायचे. "ही आमची," ते गोगलगायला म्हणाले आणि खुर्चीत जरा ताठ बसले.

"चोपन्न वर्षांच्या एक बाई," लेक म्हणाली. "तक्रार एकच, थकवा. दोन वर्षं. डॉक्टर ओळखीचे होते, त्यामुळे बाईंना कधी रांगेत बसावं लागलं नाही. पुढचं त्यांच्याच शब्दांत वाचू या."

पडद्यावर मोठमोठी अक्षरं आली. शेवटच्या रांगेतूनही चष्मा न लावता वाचता येतील एवढी मोठी.

'दम लागत नाही, दुखत नाही. नुसतं संपल्यासारखं होतं. केस विंचरायला हात वर केला की खाली घ्यावासा वाटतो. मी सांगितलं की डॉक्टर विचारायचे, काय होतंय? पण उभ्याउभ्या. एक हात दाराच्या कडीवर.'

सभागृहात थोडी खसखस पिकली. गोगलगायही हसला. डॉक्टर हसले, कारण सगळे हसत होते.

'मला मीठ खावंसं वाटायचं. चिमूटचिमूट नुसतंच खायचे. डॉक्टरांनी एकदा पाहिलं आणि प्रेशर वाढेल म्हणून रागावले. प्रेशर कधी मोजलं मात्र नाही.'

डॉक्टरांचं हसू तिथेच थिजलं. ओट्याजवळ पाठमोरी उभी राहून, मिठाच्या बरणीत बोटं घालणारी बायको त्यांना दिसली. त्यांनी स्वतःला समजावलं, की मीठ खाणाऱ्या बायका पुष्कळ असतात. तेवढ्यात पडद्यावर दोन उघडे तळहात आले. तळहातावरच्या रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या होत्या, आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी इस्त्रीने भाजल्याचा जुना अर्धगोल डाग होता. त्या डागावर पहिल्या दिवशी मलम त्यांनीच लावलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. उठून जावं, असं वाटून त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. आणि दुसरी सही आठवली. चार गुण. ते पुन्हा बसले.

लेक समजावून सांगत होती. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या हळूहळू वाळत जातात. अंगातलं मीठ निघून जातं, रक्तदाब उतरतो, वजन घटतं, कातडी काळवंडते. आजार दुर्मिळ आहे, चुकतो, भल्याभल्यांचा चुकतो. डॉक्टरांनी या वाक्याला मान डोलावली. गेलं दीड वर्ष ते स्वतःला हेच सांगत आले होते.

"बाईंना लोहाच्या गोळ्या मिळाल्या, कॅल्शियम मिळालं, झोपेची गोळी मिळाली," लेक पुढे म्हणाली. "बहुतेक औषधं डॉक्टरांच्या खणातल्या फुकट नमुन्यांतली. मग एका तपासणीत थायरॉइड जरासं बिघडलेलं दिसलं आणि त्याची गोळी सुरू झाली. या आजारात मूळ औषधाआधी ती गोळी दिली, तर माणूस दगावू शकतो. हे आपण सगळेच कधीतरी शिकलेलो असतो. नवव्या दिवशी बाई न्हाणीघरात कोसळल्या. वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचल्या."

इंजेक्शन कोणी दिलं, हे तिने सांगितलं नाही. त्या दिवशी ती सुट्टीवर घरी आली होती.

"कोण रे हे गाढव?" गोगलगाय कानाशी लागला.

डॉक्टरांनी नजर पडद्यावरच ठेवली.

"शेवटचे दोन आकडे," लेक म्हणाली. पडद्यावर सतरा आणि शून्य आले. "बाईंनी दोन वर्षांत आपला त्रास सतरा वेळा सांगितला. ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी कॅलेंडरवर पेनाने ठिपका केला. डॉक्टरांकडे मात्र या पेशंटची एकही नोंद नव्हती. केसपेपरच नव्हता."

दिवे लागले. प्रश्न विचारा, अशी सूचना झाली आणि सर्वांत आधी हात वर गेला तो डॉक्टरांचा. माइक त्यांच्यापर्यंत येईपर्यंत ते उभे राहिले होते.

"दवाखान्यात दिवसाला ऐंशी पेशंट येतात. त्यातले साठ थकलेलेच असतात. वातानुकूलित खोलीत बसून मागाहून शहाणपण सांगणं सोपं आहे. त्या डॉक्टरने नेमकं काय करायला हवं होतं, असं आपलं म्हणणं आहे?"

'आपलं.' स्वतःच्या मुलीला ते पहिल्यांदाच असं बोलले. तिने माइक दोन्ही हातांत धरला.

"सर, त्या ऐंशींसाठी जे करतात तेवढंच. खुर्ची द्यायची, कार्ड काढायचं, कधीपासून म्हणून विचारायचं. ही बाई एक्याऐंशीवी असती, तर वर्षभर आधी सापडली असती."

टाळ्या पडल्या. डॉक्टर खाली बसले तेव्हा गोगलगाय त्यांच्याकडे पाहत होता. मग त्याने नजर वळवली, खिशातून पेपरमिंटची गोळी काढून मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवली, आणि ते गाढव कोण हे पुन्हा विचारलं नाही. डॉक्टरांना त्या गोळीचा सगळ्यांत जास्त संताप आला.

दुसरी सही ठोकून त्यांनी लेकीला जिन्यापाशी गाठलं.

"आईला पडद्यावर टांगलंस. चारशे लोकांसमोर!"

"नाव नव्हतं बाबा. चेहरा नव्हता."

"गोगलगायला कळलं."

"तुम्ही उठून भांडलात म्हणून कळलं." तिचाही आवाज चढला. "मी तिची परवानगी घेतलीय. लेखी."

"तिला काय कळतंय त्यातलं? तू कागद पुढे केलास, तिने केली सही. चूक माझी झाली, मला घरात बोलायचं होतंस. बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची ही कुठली पद्धत?"

लेकीने काहीतरी जिभेवर आलेलं गिळलं. मग घड्याळाकडे पाहत म्हणाली, "आईची दुपारची गोळी किती वाजता असते?"

डॉक्टरांनी स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं.

"घरी जा बाबा," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दवाखाना पुढच्या खोलीत आणि घर मागे, मध्ये एक दार. डॉक्टर त्या दारातून घरात शिरले तेच बोलत. बायको जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. ते तिच्याभोवती येरझारा घालत राहिले. पोरीला शिकवलं त्याचे हे पांग फेडले, मोठ्या रुग्णालयाचा माज चढला, दीड वर्ष हसून बोलत होती आणि पोटात हे होतं, जगात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. तिच्या हातांचा फोटो काढून दाखवला, याची लाज तरी वाटली का कुणाला? मटारचे दाणे टपटप भांड्यात पडत होते. तिने एकदाही मान वर केली नाही. दम लागला तेव्हा ते थांबले.

"अक्षरं दिसली नीट?" तिने विचारलं.

"कुठली अक्षरं?"

"पडद्यावरची. तिने बारीक केली होती. मी म्हटलं, मोठी कर. हे शेवटच्या रांगेत बसतात आणि चष्मा लावत नाहीत."

डॉक्टरांनी समोरची खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"तिला नव्हतं बोलायचं. सहा महिने मागे लागले मी तिच्या. शेवटी तिला म्हटलं, मी सांगते, तू नुसतं वाचून दाखव."

"आणि मला गुण कमी पडतात म्हणून..."

"गुण खरंच कमी होते. आणि मधेच उठलात तर बुडतात, हेही ठाऊक होतं मला. अहो, तुम्ही तासभर एका जागी बसून ऐकाल, अशी दुसरी जागा मला सापडली नाही."

"आजार लाखात एखाद्याला होतो अगं. ती स्वतःच म्हणाली तिथे, भल्याभल्यांचा चुकतो."

"आजार चुकला म्हणून मी कधी काही म्हटलंय?" तिच्या हातातली शेंग मधोमध तुटली. "खूप राग आहे मला. दिवसातून तीनदा गोळी गिळते, तीनदा येतो. शेजारच्या बाईंच्या गुडघ्याचं पंधरा वर्षांपूर्वीचं कार्ड तुमच्या कपाटात आहे. त्यांच्या जावयाच्या पित्ताचंसुद्धा आहे. मी मरून पडले असते, तर मला काय होत होतं याची या घरात एक ओळ सापडली नसती."

"मी औषध देत नव्हतो का तुला?"

"द्यायचात. जाताजाता."

एवढं बोलून ती पुन्हा शेंगा सोलू लागली. डॉक्टरांना तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं. ते भिंतीपाशी गेले. तिथल्या खिळ्यावर औषध कंपनीची कॅलेंडरं एकावर एक लटकत होती. जुनी काढून टाकायची तिला सवय नव्हती. त्यांनी वरची दोन उचलून खालची पानं उलटली. निळे, बारीक ठिपके. हे ठिपके त्यांनी तेव्हाही पाहिले होते. गॅसची टाकी कधी लावली त्याची खूण असेल, असं धरून चालले होते. एक ठिपका लेकीच्या वाढदिवसाला होता. एक लग्नाच्या वाढदिवसाला. शेवटचा, ती कोसळली त्याच्या आदल्या दिवशी. त्या रात्री ती काय म्हणाली होती, हे त्यांनी आठवून पाहिलं. आपण काय जेवलो तेवढं आठवलं. तिचं एक वाक्य आठवेना. एवढ्या वेळचा राग आता कुठे ठेवायचा, ते त्यांना कळेनासं झालं.

तिने उठून डबीतली गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि पुन्हा येऊन बसली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते. डॉक्टरांनी वेळ पाहून ठेवली.

मग ते दवाखान्यात गेले. कपाटातून कोरं कार्ड काढलं, टेबलावर टेकून त्यावर तिचं नाव लिहिलं. वयाच्या जागी थोडं अडखळले, बोटांवर मोजून छप्पन्न लिहिलं. 'तक्रार' या शब्दापुढे पेन टेकवलं आणि उचललं, कारण तिथे काय लिहायचं ते तिनेच सांगायला हवं होतं. तिच्याकडून पहिल्यापासून सगळं ऐकायचं, असं त्यांनी खरोखरच ठरवलं होतं. चार वाजता दवाखाना उघडायचा होता. कार्ड घेऊन ते दारापर्यंत आले.

"हं, सांग," ते म्हणाले. "काय होतंय?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली होती. ती कार्डाकडे पाहत नव्हती, त्यांच्या तोंडाकडेही पाहत नव्हती. तिची नजर गेली तिकडे त्यांनी पाहिलं. त्यांचा उजवा हात दाराच्या कडीवर होता.